दोनच आसनांची गाडी

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी मला दोन वर्षांत चार नोटिसा दिल्या. पहिलीत माझ्या गाडीचा उल्लेख ‘पार्किंगमधील अज्ञात वस्तू’ असा होता. दुसरीत ‘सदर सांगाडा’, तिसरीत ‘तथाकथित वाहन’ आणि चौथीत, सरकारी तपासणी झाल्यावर, नुसतंच ‘वाहन’. एवढी भराभर बढती मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. मी स्वतः एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर आहे, आणि तिचंही एक चाक मागच्या वर्षी निघालं.

ही खुर्ची लोखंडी कपाटांच्या कारखान्यात आहे. मी तिथला ड्राफ्ट्समन. तुमच्या घरात जे कपाट असतं ते आधी कुणीतरी कागदावर काढलेलं असतं. तो कुणीतरी म्हणजे मी. ‘कपाटात काढायचं काय असतं, चौकोनच तर आहे,’ असं आमच्या ताईसकट पुष्कळांना वाटतं. मी वाद घालत नाही. दरवाजा घासायला लागला की हीच माणसं मला फोन करतात.

तर अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर घरच्या घरी मोटार बांधायचं का सुचावं, याबद्दल इमारतीत नाना तर्क झाले. कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय, कुणी म्हणालं निवृत्तीची तयारी आहे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. ते इतकं साधं होतं की सांगायची लाज वाटायची. मला बायकोच्या शेजारी बसायचं होतं.

हसू नका. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि एकदा सहज आठवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आम्ही दोघं शेजारी-शेजारी असे कधी बसलेलोच नाही. स्कूटरवर ती मागे. जेवताना ती टेबलाच्या त्या टोकाला, कारण तिथून ओटा जवळ. सोफ्यावर मधे वडील, कारण तिथून टीव्ही सरळ दिसायचा. सिनेमाला गेलो तर मधे दोन मुलं, आणि मुलांना एकमेकांपासून लांब ठेवायचं म्हणून त्यांच्या मधे ताई. मग आई अंथरुणाला खिळली आणि ही आठ वर्षं आईच्या खोलीत झोपली. मग आई गेली, वडील गेले, मुलं शिकायला परगावी गेली ती तिकडचीच झाली. आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की घरात आता आपण दोघंच आहोत आणि दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसलो आहोत. ती आत रेडिओ ऐकत होती आणि मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो. भांडण वगैरे काही नव्हतं. नुसती सवय नव्हती. उठून आत जावं आणि तिच्याजवळ बसावं असं फार वाटलं. पण ‘काय पाहिजे?’ असं तिनं विचारलं तर काय सांगायचं, हे सुचेना. मग मी वर्तमानपत्राचं मागचं पान वाचलं.

स्कूटरवर ती पुष्कळ बोलायची. माझ्या डोक्यावर हेल्मेट, समोरून वारा. मला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही, आणि मी आपला दर वळणाला ‘हो’ म्हणायचो. त्या ‘हो’च्या जोरावर आमच्या घरात एक शिलाई मशीन आणि एक मांजर आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची गरजच नव्हती, नुसतं ऐकायचं होतं, अशाही कितीतरी गोष्टी ती बोलली असेल. त्या सगळ्या वाऱ्यावर गेल्या, आणि आता मला नेमक्या त्याच हव्या होत्या.

‘मग सरळ गाडी विकत घ्या की!’ असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणाले. पण विकतच्या गाडीला मागे आसनं असतात, आणि मागे आसन असलं की तिथे ताई असते. ताई माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. तिला कुठल्याही वाहनाचा दरवाजा उघडल्याचा आवाज तिथवर ऐकू जातो आणि ती पिशवी घेऊन तयार असते. स्वभावानं ती लाखात एक आहे, पण ती बोलायला लागली की दुसऱ्या कुणाला काही ऐकू येत नाही. म्हणून मला दोनच आसनांची, बुटकी, वरून उघडी अशी गाडी हवी होती, जिला रोडस्टर म्हणतात. आणि ती पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी हवी होती. लोकांना वाटलं मला पर्यावरणाची काळजी आहे. मी तसं वाटू दिलं. खरी योजना अशी होती की फाटकातून विजेवर निघायचं, म्हणजे आवाज नाही. ताईची गल्ली ओलांडली की पेट्रोल सुरू करायचं.

ड्रॉइंग काढायला तीन महिने लागले. रोज संध्याकाळी घरी येऊन मी टेबलावर कागद पसरायचो. एक बाजूनं, एक वरून, एक समोरून. आयुष्यात पहिल्यांदाच मी जे काढत होतो त्याला चाकं होती. दोन आसनं, दोन दरवाजे, पुढच्या चाकांना मोटर, मागे एका अपघातात सापडलेल्या छोट्या गाडीचं इंजिन. बॅटरीची पेटी कुठे ठेवायची यावर मी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात हातानंच तो प्रश्न सोडवून टाकला. ती दोन आसनांच्या मधे अशी काही चपखल बसली की मी स्वतःवर खूश झालो.

ते ड्रॉइंग घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री म्हणजे आमच्या कारखान्यात पत्रा वाकवण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकलं नाही असे गृहस्थ. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला.

“कपाटच आहे की हे, साहेब,” ते म्हणाले. “फक्त झोपवलंय.”

“मिस्त्री, ही मोटार आहे.”

“होऊन जाईल,” मिस्त्री म्हणाले. ते कशालाही होऊन जाईल म्हणतात.

आणि होऊ लागलं. माझ्या पार्किंगच्या जागेत आधी चार चाकांवरचा सांगाडा उभा राहिला. मिस्त्री रविवारी येत, मी रोज. इमारतीतले लोकही रोज येत. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी गाडीला छप्पर नसल्यामुळे होणाऱ्या आठ विकारांची नावं सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी रंग सुचवला आणि मी तो नाकारल्यावर महिनाभर बोलल्या नाहीत. सगळ्यांचा एक प्रश्न मात्र ठरलेला होता. ‘मागे कोण बसणार?’ मी म्हणायचो, मागे काहीच नाही. त्यावर ते माझ्याकडे दयेनं बघायचे. सेक्रेटरींची अडचण कायदेशीर होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पार्किंग ही वाहन ठेवण्याची जागा आहे, वाहन तयार करण्याची नव्हे. आणि जी वस्तू अजून वाहन झालेलीच नाही, ती पार्क केलेली आहे असं म्हणता येत नाही, ती नुसतीच पडलेली आहे. ‘पडलेली’ हा शब्द मला फार लागला.

मिस्त्रींनीही मला एकदा दगा दिला. दरवाजे बसवून झाल्यावर मी बघायला गेलो तर दोन्ही दरवाजांना कपाटाची मूठ आणि किल्ली. बायकोच्या बाजूच्या दरवाजाला आतून आरसा. आणि तिच्या आसनाखाली चोरकप्पा.

“मिस्त्री, हे काय?”

“बाईमाणसाच्या कपाटाला आरसा लागतोच, साहेब. मी आजवर एकही सोडलेला नाही.”

हात टेकले. पण बायकोला आरसा आवडेल असंही वाटलं, म्हणून ठेवून दिला.

बायको रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन खाली यायची. कठड्यावर ठेवायची आणि विचारायची, “झालं?” मी सांगायचो, “झालंच.” असं दोन वर्षं चाललं. “बसून बघतेस?” असं मी एक-दोनदा म्हटलं, पण तिच्या आसनावर नेहमी पाने, स्क्रू आणि ग्राइंडर पडलेला असायचा, आणि ती म्हणायची, “पूर्ण झाल्यावरच बसेन. अर्धवट नको.” एकदा मी टेप शोधायला वर गेलो तर ती कपाटासमोर उभी राहून डोक्याला निळा रुमाल बांधून बघत होती. उघड्या गाडीत केस उडतात म्हणून. मला बघून तिनं तो पटकन सोडला आणि घडी घालायला लागली. मी टेप न घेताच खाली आलो. त्या दिवशी मला काही काम सुचलं नाही. एवढी वाट ती बघत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

मग वाहन नोंदणी कार्यालय. तिथल्या फॉर्ममध्ये एका रकान्यात ‘निर्माता’ आणि दुसऱ्यात ‘ग्राहक’ असं होतं. दोन्हींत मी माझंच नाव लिहिलं. खिडकीतल्या कारकुनानं ते खालून वर आणि वरून खाली वाचलं.

“निर्मात्यानं ग्राहकाला गाडी दिल्याचं पत्र कुठाय?”

“दोघंही मीच आहे हो.”

“ते तुमचं खासगी झालं. पत्र लागेल.”

घरी येऊन मी मला पत्र लिहिलं. ‘आपण मागणी केल्याप्रमाणे सदर वाहन आपल्या ताब्यात देत आहोत. पसंत पडेल अशी आशा आहे.’ खाली निर्माता म्हणून सही केली, शेजारी मिळाल्याची ग्राहकाची सही केली. दुसऱ्या दिवशी कारकुनानं ते पत्र उजेडात धरलं आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

“दोन्ही सह्या एकाच माणसाच्या दिसताहेत.”

माझा संयम सुटला. मी जरा मोठ्यानं बोललो. त्यामुळे एक झालं, आतले मोठे साहेब बाहेर आले आणि त्यांनी गाडी प्रत्यक्ष बघायची इच्छा दाखवली. म्हातारे, शांत गृहस्थ होते. तपासणीच्या मैदानात गाडी ट्रकवर घालून न्यावी लागली. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबून पाहिले, आरशात स्वतःला पाहिलं आणि मग बूट काढून आत उभे राहून चक्क उड्या मारल्या. गाडी हलली नाही.

“मधे हे काय आहे?” त्यांनी दोन आसनांच्या मधे हात ठेवून विचारलं.

“पार्टिशन. त्यात बॅटरी आहे.”

“उत्तम काम! वर छप्पर नसलेली गाडी मधे वाकते, बरं का. या भिंतीनं सगळा तळ तोलून धरलाय. ही नसती तर मी पास केली नसती.” आणि त्यांनी कागदावर सही करून खाली शेरा मारला : ‘मधली भिंत काढू नये.’

एकतीस वर्षांत माझ्या कामाला कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. तो कागद मी घरी येईपर्यंत चार वेळा उघडून वाचला.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. अख्खी इमारत खाली जमली. सेक्रेटरी चौथी नोटीस हातात घेऊनच उभे होते, पण आज तिच्यात नुसतं ‘वाहन कोपऱ्यात लावावे’ एवढंच होतं. बायको निळा रुमाल बांधून आली. ती किती दिवसांनी इतकी हसत होती. तिनं मूठ फिरवून दरवाजा उघडला, वाकून आत बसली. मी माझ्या बाजूनं बसलो, कळ फिरवली आणि गाडी आवाज न करता फाटकातून बाहेर पडली. मागे टाळ्या वाजल्या. ताईच्या गल्लीवरून आम्ही चोरासारखे निसटलो. मग मी पेट्रोलवर आलो, मोठ्या रस्त्याला लागलो आणि दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला म्हणून मान वळवून शेजारी पाहिलं.

शेजारी राखाडी पत्रा होता.

माझ्या कानापर्यंत. मी ताठ बसलो तेव्हा पलीकडे निळ्या रुमालाचं टोक तेवढं दिसलं.

“बसलीस ना नीट?” मी ओरडलो.

“काय?”

“नीट बसलीस ना?”

“हो,” पलीकडून आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. मग ती आणखी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी सवयीनं ‘हो’ म्हणालो.

आम्ही तलावापर्यंत गेलो आणि परत आलो. फाटकाशी सगळ्यांनी विचारलं, कशी आहे? बायको म्हणाली, “छान आहे गाडी. फार मेहनत घेतलीय त्यांनी.” मग वर गेली आणि रुमाल घडी करून ठेवून दिला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी ड्रॉइंग पुन्हा काढून बसलो. आतली वस्तू ड्रॉइंगमध्ये तुटक रेषेनं दाखवतात. बाजूच्या चित्रात ती तुटक रेषा होती, माझ्याच हातची. दोन दरवाजांचं कपाट म्हटलं की मधे उभं पार्टिशन येतंच. एकतीस वर्षं मी ते डोळे मिटून काढत आलो होतो, आणि इथेही काढलं होतं. त्याची उंची मात्र लिहिली नव्हती. आणि आमच्या कारखान्यात भिंतीवर एक पाटी आहे : ‘माप दिलेले नसल्यास पार्टिशन पूर्ण उंचीचे घ्यावे.’ ती पाटी मीच लावलेली आहे. मिस्त्रींचा काही दोष नव्हता. बांधताना मी नेहमी एकटाच बसून बघायचो, आणि पलीकडे पाने असायचे. पान्यांशी मला बोलायचं नव्हतं, म्हणून भिंत दिसली नाही.

पुढच्या रविवारी मी आत जाऊन म्हटलं, “येतेस चक्कर मारायला?”

ती रेडिओचा आवाज कमी करून म्हणाली, “तुम्ही जाऊन या ना.”

“का गं? आवडली नाही?”

“आवडली. पण मला तिथे एकटं वाटतं हो. एकीकडे पत्रा आणि एकीकडे आरशात माझेच गुडघे. म्हटलं होतं, तुमच्याबरोबर जाऊ.” आणि मग, माझा चेहरा बघून असेल, घाईनं म्हणाली, “रागावू नका. स्कूटरवर निदान तुमची पाठ असायची.”

मी रागावलो नव्हतो. मी खाली जाऊन मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्री ग्राइंडर घेऊन आले. काय कापायचंय ते ऐकल्यावर त्यांनी तो खाली ठेवला.

“साहेब, कागदावर शेरा आहे. पासिंग रद्द होईल.”

“होऊ दे.”

“गाडी रस्त्यावर नेता येणार नाही.”

“माहीत आहे.”

“आणि मधे वाकेल. नक्की वाकेल.”

“किती वाकेल?”

मिस्त्रींनी आसनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच ते होऊन जाईल म्हणाले नाहीत. “ते बसल्यावर कळेल,” ते म्हणाले आणि डोळ्यांना चष्मा लावला.

ठिणग्या उडायला लागल्या तशी इमारत पुन्हा गोळा झाली. बॅटरीची पेटी काढून कोपऱ्यात ठेवली. डॉक्टर हळहळले. सेक्रेटरींनी, आता हे वाहन उरलं की नाही, असा मुद्दा उपस्थित केला आणि लिहायला कागद आणायला वर गेले. मी भिंतीचा पत्रा दोन्ही हातांनी ओढून काढला. दोन वर्षं, नोटिसा, मला मीच लिहिलेलं पत्र, म्हाताऱ्या साहेबांचं ‘उत्तम’, सगळं त्या पत्र्याबरोबर कोपऱ्यात जाऊन पडलं. वाईट वाटलं, नाही असं नाही.

आवाज ऐकून बायको खाली आली. आज चहा नव्हता. तिनं कोपऱ्यातला पत्रा पाहिला, गाडीत पाहिलं. दोन आसनं शेजारी-शेजारी होती, मधे काही नव्हतं.

“हे काय केलंत?”

“पार्टिशन काढलं. आता ही कुठे जाणार नाही. पण...” पुढचं वाक्य मी एकोणतीस वर्षं बोललो नव्हतो, ते सगळ्या इमारतीसमोर कसं बोलणार? “बसून बघतेस?”

ती आत बसली. तिच्या बाजूनं काही झालं नाही. मग मी बसलो, दरवाजा ओढून घेतला, आणि खालून कर्र असा आवाज झाला. तळ मधे हळूच खाली गेला. दोन्ही आसनं आतल्या बाजूला कलली, आणि आम्ही दोघं घसरत येऊन एकमेकांच्या खांद्याला टेकलो. मी सरळ व्हायला गेलो, होता येईना. तिनं तिकडची मूठ फिरवली, मी इकडची. दोन्ही दरवाजे चौकटीत गच्च आवळले गेले होते.

“हललात तर आणखी जाईल!” मिस्त्री ओरडले.

आम्ही हललो नाही. समोर पार्किंगची भिंत होती, तिच्यावर पाण्याच्या मीटरची पेटी. आम्ही दोघं तीच बघत होतो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि तिला हसू आवरत नव्हतं हे मला बघावं लागलं नाही, खांद्याला कळत होतं.

“ऐकू येतंय का हो?” तिनं विचारलं. अगदी हळू, नेहमी घरात बोलते त्याहूनही हळू.

“येतंय,” मी म्हणालो. “सगळं येतंय.”

तेवढ्यात सेक्रेटरी कागद घेऊन खाली आले आणि आमची अवस्था बघून त्यांनी नोटीस खिशात घातली. माणूस तसा वाईट नाही. “अरे, अडकले की हे!” ते म्हणाले. “थांबा, घाबरू नका. माझ्याकडे माळ्यावर कटावणी आहे. पाच मिनिटांत आणतो.”

“घाई नाही, भाऊ,” बायको म्हणाली. “सावकाश शोधा.”